बाराव्या मिनिटाचं दुखणं

हाडांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बाई बसलेली दिसली की लालबागचा माणूस आधी दारावरची पाटी वाचायचा, मग मला विचारायचा, "सिस्टर, डॉक्टर जेवायला गेले काय?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढे मी "हो, गेलेत, तोवर मी बघते" म्हणायला शिकले. निखळलेला खांदा जागेवर बसला की तोच माणूस जाताना वाकून नमस्कार करायचा आणि बाहेर जाऊन सांगायचा, "बाई हाय, पण हात पैलवानाचा हाय." मी गिरगावातल्या सरळमार्गी घरातली. मी बाळंतपणं करीन या आशेवर वडिलांनी मला डॉक्टर केलं होतं. मी हातोडी आणि करवत उचलली तेव्हा त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

लालबागच्या एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात मी एकतीस वर्षं काढली. रुग्णालय लहान, जिने दगडी आणि खिडक्या मसाल्याच्या बाजाराकडे उघडणाऱ्या. मे महिन्यात तिथे मिरच्या कुटायला सुरुवात झाली की आमचा अख्खा वॉर्ड शिंकायला लागायचा. बरगडी मोडलेल्या माणसाला शिंक म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. पेशंट शिंकायचे आणि शिव्या घालायचे, आणि मसाल्याच्या गिरणीवाल्याला त्या पोचत नाहीत म्हणून आम्हालाच घालायचे. आता मी दादरला आठव्या मजल्यावर राहते. मे महिन्यात कधी कधी खिडकीशी उभी राहून वास घेते. इतक्या उंचावर काही येत नाही.

आमच्या बाह्यरुग्ण विभागाची एक रीत होती. सकाळी साडेआठला केसपेपर काढायचा, लाकडी बाकावर बसायचं आणि नंबर येईपर्यंत सरकत राहायचं. नंबर यायला दोन-तीन तास सहज लागायचे. त्या बाकाचा कारभार सिस्टर डिमेलोंकडे होता. त्या वांद्र्याच्या मूळच्या ख्रिस्ती घराण्यातल्या, आवाज खणखणीत, आणि त्यांच्या बाकावर कोणी नंबर मोडला तर त्याची खैर नसे. या बाकाचा मला अभिमानच होता. तिथे शेठ आणि हमाल शेजारी बसत. तोच बाक एका पोरीच्या मुळावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पोरीचं नाव सुचिता परब. जवळच्याच चाळीतली, चोवीस वर्षांची, कबड्डी खेळणारी. वडील कापडगिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि मागोमाग तेही गेले. आई जेवणाचे डबे करायची. ती नोव्हेंबरातल्या एका सकाळी मुलीला घेऊन आली. सुचिता धुतलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये, केसांना तेल, पायांत आईच्या नव्या चपला. कोकणातल्या बायका डॉक्टरकडे यायचं म्हटलं की देवळात जायच्या तयारीने येतात.

"डॉक्टरीणबाई," आई म्हणाली, "घरात पाय एकदम बरो असता. खेळाक गेली काय दुखता. मी तिका दोन दिस भायर पडाक दिलंय नाय. म्हटला, डॉक्टरकडे जावचा, उगाच पाय आणखी दुखवून कित्या घेवचो."

मी सुचिताला विचारलं तेव्हा तिने अगदी नेमकं सांगितलं होतं. सराव सुरू झाला की दहा मिनिटं काही नाही. बाराव्या मिनिटाच्या आसपास दोन्ही नडग्यांच्या बाहेरच्या बाजूला आवळल्यासारखं व्हायला लागतं. मग अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात मुंग्या. त्यानंतरही खेळत राहिलं तर पाऊल उचललं जात नाही, जमिनीवर फटफट आपटतं. बाहेर बसलं की वीस मिनिटांत सगळं नाहीसं.

आज हे वाक्य मी लिहिते आहे आणि मला माझीच लाज वाटते, कारण निदान तिने मला तयार करून हातात दिलं होतं. मी काय केलं? तिला टेबलावर झोपवलं, नडगी दाबली, घोटे फिरवले, पावलाची नाडी बघितली. सगळं ठीक. एक्स-रे काढला, तोही ठीक. नडगीच्या हाडावरचं आवरण सुजतं, धावणाऱ्या पोरांत ते नेहमी दिसतं, तसं काहीतरी असेल म्हणून गोळ्या आणि तीन आठवडे विश्रांती लिहून दिली. विश्रांतीत ती बरी झाली. खेळायला गेली आणि पुन्हा तेच. पुन्हा आली, पुन्हा दोन तास बाकावर बसली, पुन्हा मला पायात काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी एमआरआय सांगितला. तोही स्वच्छ.

तो रिपोर्ट घेऊन आली तेव्हा तिच्याबरोबर तिचे प्रशिक्षक कदम सर होते. मूळ गिरणगावातले जुने खेळाडू, मनगटाला दोरा, बोलणं तुटक. एका सरकारी कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून मुली घ्यायच्या होत्या आणि डिसेंबरात निवड चाचणी होती. सुचिताची वयाची मर्यादा पुढच्या वर्षी संपत होती. आईच्या डब्यांवर चालणाऱ्या त्या घराला ती नोकरी म्हणजे काय होतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, एकच सांगा," कदम सर म्हणाले. "हिच्या पायात काय हाय की नाय? मला चाचणीची टीम लावायचीय. ऐन वेळेला ही पाय धरून बसली तर बाकीच्या पोरींचं नुकसान."

मी रिपोर्ट पुन्हा एकदा बघितले आणि रुग्णालयाच्या कागदावर लिहून दिलं, "तपासणीत दोष आढळला नाही. खेळण्यास हरकत नाही." सही केली, शिक्का मारला. मला वाटलं, पोरीचं भलं केलं, खेळायची वाट मोकळी केली.

सिस्टर डिमेलो शिक्क्याचं पॅड परत ठेवताना म्हणाल्या, "डॉक्टर, ती पोरगी खोटं बोलत नाय हां."

"मी कुठे म्हटलं खोटं बोलते म्हणून?"

"तुम्ही नाय म्हटलं. कागदानं म्हटलं."

मी हसून सोडून दिलं. सिस्टरांना प्रत्येक पेशंटचा कळवळा यायचा आणि मला वाटायचं की एका विभागात कळवळा करणारं एक माणूस पुरे.

फेब्रुवारीत सुचिता एकटीच आली. साधा टी-शर्ट, खेळायची पँट, पायांत बूट. केसपेपर काढला नव्हता, बाकावर बसली नव्हती, सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली. सिस्टरांनी तिला अडवलं नाही याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

"चाचणी झाली मॅडम," ती म्हणाली. "मला घेतलंच नाय टीममध्ये. सरावात पाय धरून बसले तर सरांनी तुमचा कागद सगळ्या पोरींसमोर वाचून दाखवला. म्हणाले, डॉक्टर सांगते हिला काय नाय, ही सोंग करते. आता मला सगळ्या सोंगाडी म्हणतात."

मी म्हटलं, "अगं, पण तीन वेळा बघितलं मी तुला."

"तुम्ही माझा पाय बघितलाच नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही माझा बसलेला पाय बघितला. तीन तास बसून आलेला. तो पाय काय दुखतो?"

ऐकताना मी पेन टेबलावर ठेवलं एवढं आठवतं. एकतीस वर्षांत प्राध्यापकांनी, परीक्षकांनी, वरिष्ठांनी मला बरंच सुनावलं आहे, पण इतकं थोडक्यात आणि इतकं बरोबर कोणी सुनावलं नाही. आईने दोन दिवस घरात ठेवायचं, आम्ही तीन तास बाकावर बसवायचं, आणि मग मी त्या ताज्यातवान्या पायाला दुखतं का म्हणून विचारायचं. दोघींनी मिळून तिचा पुरावा पुसून टाकला होता.

मी बाहेर बघितलं. बाकावर वीस-बावीस माणसं होती. मी सिस्टरांना सांगितलं, "अर्धा तास मी नाही," आणि सुचिताला घेऊन जिन्याकडे गेले. आमच्याकडे धावायचं यंत्र नव्हतं. चार मजल्यांचा दगडी जिना होता. मी तळाशी घड्याळ घेऊन उभी राहिले आणि ती चढ-उतार करायला लागली. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या नातेवाइकांनी भिंतीला चिकटून वाट दिली. वर काहीतरी झालं आहे असं समजून दोघंजण तिच्यामागे धावलेसुद्धा. रखवालदाराने विचारलं, "काय बाई, आग लागली काय?"

बारा मिनिटं झाली नाहीत, दहाच झाली, कारण जिना मैदानापेक्षा कठीण. तिचं उजवं पाऊल पायरीवर आपटायला लागलं. तो आवाज मी आधी ऐकला आणि मग तिचा चेहरा बघितला. मी तिला तिथेच पायरीवर बसवलं, पँट वर केली आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला बोट दाबलं. बोट आत जाईना. माणसाच्या पायाचा स्नायू इतका घट्ट मी यापूर्वी फक्त चिरडून आलेल्या पायांत बघितला होता. मी तिला अंगठा वर उचल म्हटलं. तिने सगळा जोर लावला. अंगठा जागचा हलला नाही.

ती खाली बघत म्हणाली, "हाच पाय."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. गुडघ्याखालच्या पायात स्नायूंच्या चार खोल्या असतात. प्रत्येक खोलीला चिवट पडद्याची भिंत, आणि ती भिंत ताणली जात नाही. गणपतीत चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गावची मंडळी उतरतात तेव्हा काय होतं ते आठवा. माणसं वाढतात, भिंती तेवढ्याच राहतात. व्यायाम केला की स्नायूत रक्त भरतं आणि तो फुगतो. बहुतेकांच्या भिंतींत तेवढी जागा असते. काहींच्या नसते. मग आतला दाब वाढतो, रक्ताला आत जायला वाट उरत नाही, मज्जातंतू दबतो आणि पाय बोंब मारायला लागतो. थांबलं की रक्त ओसरतं आणि पाय साळसूद होतो.

या आजाराचं एक भयंकर भावंड आहे. ते आम्ही सगळे ओळखतो. गोविंदाच्या थरावरून पडलेल्याचा पाय, यंत्रात सापडलेला हात. तिथे दाब उतरत नाही, काही तासांत पडदे चिरून मोकळे केले नाहीत तर पाय जातो. त्याच्यामागे मी आयुष्यभर धावले, आणि हे दुसरं, सभ्य, थांबलं की निघून जाणारं भावंड माझ्या दारात तीन वेळा येऊन बसलं तर मी त्याला ओळखलं नाही. पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

पक्कं करायला दाब मोजावा लागतो. अतिदक्षता विभागातला रक्तदाबाचा मॉनिटर मी मागून आणला, त्याला सुई जोडली आणि लहान शस्त्रक्रियेच्या खोलीत सुचिताच्या स्नायूत घातली. आधी बसलेल्या पायाचा आकडा घेतला. मग सुई काढून पुन्हा जिना, आणि उतरताच पुन्हा सुई. थांबल्यावर एका मिनिटाने आकडा तीसच्या वर गेला तर आजार आहे असं मानतात. तिचा शेहेचाळीस आला. पाच मिनिटांनीही तो पुरता उतरला नव्हता. सुई टोचल्याचं दुखत असणार, पण पोरगी मॉनिटरकडे बघून हसत होती. आपलं दुखणं तिला पहिल्यांदाच आकड्यात दिसत होतं. सिस्टर डिमेलोंनी तो आकडा स्वतःच्या हाताने केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिला.

मी कदम सरांना बोलावून घेतलं. जुना कागद परत मागितला आणि त्यांच्यासमोर नवा लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे खरंच दुखत होतं," ते म्हणाले.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"कागद तुमचा होता, पण वाचून मी दाखवला," ते म्हणाले आणि टोपी हातात फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागदही सगळ्या पोरींसमोर वाचून दाखवला असं मला नंतर समजलं.

आधी दोन महिने सरावाची पद्धत बदलून बघितली. बूट बदलले, धावणं कमी केलं, टाचेऐवजी मधल्या पावलावर उतरायला शिकवलं. काहींना तेवढ्याने भागतं. सुचिताचं बारावं मिनिट चौदाव्यावर गेलं आणि तिथेच अडलं. मग शस्त्रक्रिया उरली. त्यात स्नायूला हात लावत नाहीत, फक्त त्याच्या भोवतीचा पडदा लांबवर चिरून सोडतात आणि शिवत नाहीत. ऐकायला सोपं. पण त्या पडद्याजवळून एक मज्जातंतू जातो, तो दुखावला तर पावलाची वरची बाजू कायमची बधिर. मी अशी शस्त्रक्रिया दाब न उतरणाऱ्या पायांवर कितीतरी वेळा केली होती. तिथे पाय वाचवायचा असतो, बधिरपणाचं कोणी विचारत नाही. इथे चालता-बोलता, चांगला दिसणारा पाय मला कापायचा होता. मी तिला दुसऱ्या एका ज्येष्ठ सर्जनकडे मत घ्यायला पाठवलं आणि शस्त्रक्रियेलाही त्यांना शेजारी उभं केलं. एवढी अक्कल मला तोवर आली होती.

आई शस्त्रक्रियेला तयार नव्हती. "दोनय पायांवर वण येतले," ती म्हणाली. "उद्या लग्नाचा बघूचा तर काय सांगू?"

"सांग, खेळताना लागलं," सुचिता म्हणाली.

"खोटा सांगू?"

"इतके दिवस खरं सांगितलं, कोणी ऐकलं?"

आई माझ्याकडे वळली. "तुमी कापतल्यात तर कापा. पण ह्या येळाक नीट बघा हां, बाई." मी खाली मान घालून बरं म्हटलं.

जूनमध्ये दोन्ही पायांचे पडदे मोकळे केले. पडदा चिरताच आतला स्नायू हलकेच बाहेर आला, ते बघायला मला नेहमीच आवडायचं, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं आणि मास्क असल्यामुळे ते लपलं. दुसऱ्या दिवसापासून तिला चालायला लावलं. दीड महिन्याने हलकं धावणं. गणपतीच्या सुमारास ती मैदानावर परतली आणि मी अंगठा हलतो का ते बघायला दर पंधरवड्याला तिला बोलवत राहिले. बाकावर न बसता, धावत धावत यायची तिला परवानगी होती.

डिसेंबरात त्याच कंपनीची पुन्हा चाचणी झाली, परळच्या एका मैदानावर. मी रजा टाकली आणि गेले. रजेच्या अर्जावर कारण "वैयक्तिक" लिहिलं. सिस्टर डिमेलोही आल्या, त्यांनी अर्जच दिला नव्हता. आम्ही सावलीला खुर्च्या टाकून बसलो. आधी धावणं, मग लगोलग सामने. मी घड्याळावरून नजर काढत नव्हते. दहा मिनिटं. बारा. सुचिता चढाईला गेली, पायाच्या चवड्यांवर उडत होती, आणि मी ऐकत होते तो फक्त तिच्या पावलांचा आवाज. आपटत नव्हतं. पंधरा. दुसरा डाव सुरू झाला. पंचविसाव्या मिनिटाला तिने तिघींना बाद करून रेषा गाठली तेव्हा सिस्टरांनी माझा हात इतका आवळला की मलाच हाडाचा डॉक्टर लागतो की काय असं वाटलं.

तिची निवड झाली नाही.

संध्याकाळी यादी वाचली तेव्हा तिच्यापुढच्या मुली वीस-एकवीस वर्षांच्या होत्या आणि तिच्यापेक्षा खरंच चपळ होत्या. पाय चिरल्यावर सहा महिन्यांत जितकं परत मिळवता येतं तितकं तिने मिळवलं होतं. आदल्या वर्षी, नोव्हेंबरात मी तिला जिन्यावर पळवलं असतं तर शस्त्रक्रिया तेव्हाच झाली असती आणि या चाचणीपूर्वी तिला पूर्ण वर्ष मिळालं असतं. हा हिशोब मी नंतर कितीदा मांडला आहे. तिची वयाची मर्यादा त्या दिवशी संपली.

ती मैदानाच्या कडेला पाणी पीत होती. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. पाठ केलेलं सगळं विसरले.

"सुचिता, तुझं एक वर्ष मी घालवलं," मी म्हटलं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. "हो मॅडम," ती म्हणाली. "घालवलंत."

असू द्या मॅडम, नशीब म्हणायचं, असं काही ती म्हणाली नाही. पेशंट नेहमी तसं म्हणतात आणि आम्ही डॉक्टर त्यावर झोपी जातो. तिने ते माझ्यापाशीच राहू दिलं. त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

मग तिने पाय माझ्यापुढे लांब केला. घाम अजून वाळला नव्हता, नडगीला मैदानाची माती लागली होती. मी व्रणाच्या बाजूला बोट ठेवून दाबलं. दिवसभर खेळलेला पाय होता तो, आणि मऊ होता.